जिओकॅशिंग नागपुरात: नव्यांचे नेहमीचे प्रश्न

जिओकॅशिंग, म्हणजे लपवलेले डबे जीपीएसने शोधण्याचा खेळ. त्याबद्दल ऐकून विचारणारे बहुतेक नागपूरकर साधारण हेच प्रश्न विचारतात. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात, काहींना वेळ लागतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: परदेशातले व्हिडिओ पाहून सुरुवात केली तर इथे निराशा पदरी पडेल. तिकडे डबे शोधणारे जास्त आणि डबेही जास्त. आपल्याकडे दोन्ही विरळ, त्यामुळे इथे हा छंद लावायचा तर शोधण्याबरोबर लपवायलाही शिकावं लागतं.

हा नेमका काय प्रकार आहे?

कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. तुम्ही फोनमधल्या जीपीएसच्या मदतीने तिथे जाता, डबा शोधता, आतल्या कागदावर आपलं टोपणनाव आणि तारीख लिहिता, डबा होता तसाच परत ठेवता. मग ऑनलाइन नोंद करता. त्या डब्याला कॅश म्हणतात, कागदाला लॉग. बक्षीस नाही, पैसे नाहीत.

सुरू कुठून झालं?

गोष्ट २ मे २००० पासून सुरू होते. त्याआधी अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएस संकेतात मुद्दाम गोंधळ मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. त्या दिवशी तो गोंधळ बंद केला आणि साध्या यंत्राला एखादं झाड शोधता येईल इतकी अचूकता आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने जंगलात एक बादली ठेवली आणि तिच्या जागेचे अंक, म्हणजे अक्षांश-रेखांश, इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले. माइक टीग नावाच्या माणसाने ती सर्वांत आधी शोधली. जिओकॅशिंग डॉट कॉम हे आजचं मुख्य संकेतस्थळ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिशने सुरू केलं. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डबे नोंदलेले आहेत. अल्मरच्या बादलीत घेवड्याचा एक सीलबंद डबाही होता. आज मात्र कॅशमध्ये खाण्याची वस्तू ठेवायला सक्त मनाई आहे.

वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं लागतं का?

नाही. हातातला फोन पुरतो. मोकळ्या आकाशाखाली साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत जागा बरोबर मिळते. दाट झाडी किंवा बर्डीसारख्या उंच इमारतींच्या गल्लीत संकेत भिंतींवर आपटून येतात, तिथे बाण भरकटतो. वेगळ्या यंत्राचा खरा फायदा बॅटरीचा आणि पाण्यात भिजलं तरी चालू राहण्याचा. तो खर्च छंद टिकला की करा.

एक सावधगिरी: साधा जीपीएस रिसीव्हर ठीक आहे, पण उपग्रहावरून मेसेज किंवा फोन करणारं यंत्र आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. परदेशातला भाऊ किंवा मित्र भेट म्हणून आणत असेल तर आधीच थांबवा.

ॲप कोणतं?

अधिकृत ॲपचं नाव जिओकॅशिंगच आहे, खातं मोफत उघडतं. मोफत खात्याला ॲपमध्ये सगळे डबे उघडत नाहीत, अवघड किंवा वेगळ्या प्रकारचे कुलूपबंद दिसतात. त्यासाठी लगेच पैसे भरू नका. तेच पान फोनच्या ब्राउझरमध्ये बघा, बरंच काही दिसतं. अँड्रॉइडवर सी-जिओ नावाचं मोफत ॲपही आहे, त्यात नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. रामटेकच्या पुढे किंवा उमरेडच्या बाजूला रेंज गेली की त्याची किंमत कळते.

नागपुरात किती डबे आहेत?

आकडा बदलत राहतो, म्हणून स्वतः नकाशा उघडा आणि शहरापुरता न ठेवता रामटेक, पेंच, वर्धा, सेवाग्रामपर्यंत मोठा करा. जर्मनीतल्या एखाद्या शहराच्या मानाने नकाशा रिकामा वाटेल, हे गृहीत धरा. डबा दिसला की आधी त्याच्या पानावरच्या शेवटच्या नोंदी वाचा. शेवटचा "सापडला" किती जुना आहे? त्यानंतर ओळीने "नाही सापडला" असे शेरे असतील तर डबा बहुधा गेलेला आहे. नव्या माणसाचा पहिला रविवार अशा मेलेल्या डब्यामागे जातो आणि तो पुन्हा या वाटेला येत नाही. ही दोन मिनिटांची वाचणी चुकवू नका.

मग जवळ डबाच नसेल तर सराव कसा करायचा?

झिरो माइलला जा. हे मी गमतीने सांगत नाही. विधानभवनाजवळचा तो दगडी स्तंभ आणि चार घोडे आपण आयुष्यभर गाडीवरून बघतो, पण ते भारताच्या मोजणीचं स्मारक आहे. इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला हा दगड १९०७ चा, आणि समुद्रसपाटीपासून त्याची उंची १०२० फुटांच्या थोडी वर. तो भारताचा मध्य आहे की नाही यावर पानठेल्यावर वाद घालायला हरकत नाही. आपलं काम वेगळं आहे: अक्षांश-रेखांश वाचायला शिकणं.

फोनमध्ये तिथली जागा दशांशात बघा: साधारण २१.१५ उत्तर, ७९.०८ पूर्व. जिओकॅशिंगमध्ये मात्र अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. ०.१५ ला ६० ने गुणलं की ९ येतात, म्हणून २१ अंश ०९.००० मिनिटं. ०.०८ गुणिले ६० म्हणजे ४.८, म्हणून ७९ अंश ०४.८०० मिनिटं. नवखा माणूस २१.१५ म्हणजे २१ अंश १५ मिनिटं समजतो आणि अक्षांशातल्या त्या एका घोळाने ११ किलोमीटर उत्तरेला, कोराडीच्या बाजूला पोचतो. बहुतेक "डबाच नव्हता हो" या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

शेवटच्या अंकाची किंमतही तिथेच समजून घ्या. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर. नागपूरच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम थोडं कमी, १.७ मीटरच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या दशांशात एक-दोनचा फरक पडला तर तो फोनचा थरथराट समजा. त्यासाठी दगड उलथवत बसू नका.

मग घरच्या घरी खेळ: एकाने धरमपेठच्या ट्रॅफिक पार्कसारख्या ठिकाणी माळ्याला विचारून एक लहान डबी ठेवायची, अंक लिहून द्यायचे आणि दुसऱ्याने शोधायची. तासाभराने उचलून घरी आणायची. संकेतस्थळावर काही टाकायचं नाही. मुलांना हे खूप आवडतं आणि मोठ्यांना फोनचा बाण किती खोटं बोलतो ते कळतं.

पानावरचे डी आणि टी म्हणजे काय?

डी म्हणजे शोधायला किती अवघड, टी म्हणजे तिथवर पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, मध्ये अर्धे टप्पे. सुरुवातीला दोन्ही दीडच्या आत ठेवा. टी ५ म्हणजे बहुधा दोर, होडी किंवा तसलंच काही लागतं.

आकारही बघा. मायक्रो १०० मिलीपेक्षा लहान, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीएवढा. स्मॉल एक लिटरपर्यंत, रेग्युलर वीस लिटरपर्यंत. नॅनो तर करंगळीच्या नखाएवढी असते आणि लोखंडी रेलिंगला चुंबकाने चिकटते. पहिल्यांदा शोधणाऱ्याने नॅनोच्या नादी लागू नये.

डब्यांचे प्रकार किती?

बरेच. नव्यांना चार पुरतात. ट्रॅडिशनल: दिलेल्या अंकांवरच डबा. मल्टी: एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणी नेते. मिस्ट्री: आधी कोडं सोडवा, मग खरे अंक मिळतात. आणि अर्थकॅश, ज्यात डबाच नसतो. तिथली भूरचना बघायची, प्रश्नांची उत्तरं डबेमालकाला पाठवायची.

या शेवटच्या प्रकाराला नागपूरइतकी सोयीची जमीन शोधून सापडणार नाही. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने ग्नाइस खडक. कामठी-सिल्लेवाडाकडे कोळसा देणारे गोंडवाना थर, मनसरला मँगनीज. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेले तळ्यांचे गाळ आणि त्यातले जीवाश्म टाकळीला सापडले, ते एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने अभ्यासले. हिस्लॉप कॉलेजचं नाव त्याचंच. इतकं सगळं दुचाकीच्या टप्प्यात असताना आपण डब्यासाठी रडतो. भूगर्भशास्त्राचा एखादा विद्यार्थी किंवा शिक्षक हे वाचत असेल तर त्याने मनावर घ्यावं. अट एवढीच की जागेच्या मालकाची परवानगी हवी, प्रश्न तिथे उभं राहूनच सुटतील असे हवेत आणि खडक फोडायचा नाही.

शोधताना लोक विचारतात, त्यांना काय सांगायचं?

"काय शोधून राहिले भाऊ?" हा प्रश्न पाच मिनिटांत येणारच. नागपुरात माणूस वाकून काही बघत असेल तर चार जण मदतीला येतात, त्यातला एक तरी टॉर्च लावतो. या खेळात न खेळणाऱ्याला मगल म्हणतात आणि त्याच्यासमोर डबा उघड करायचा नाही असा संकेत आहे. पण संकेतापायी खोटं बोलू नका. "मोबाइलवरचा खेळ आहे, लपवलेली डबी शोधायची" एवढं सांगा. लोक "अच्छा" म्हणतात आणि निघून जातात. "काही नाही, काही नाही" म्हणणाऱ्यावर मात्र संशय येतो. गर्दी हटत नसेल तर चहा पिऊन या.

पोलिसांनी विचारलं तर थेट ॲप उघडून दाखवा. बेवारस वस्तूची सूचना आपण रेल्वे स्टेशनवर आणि मेट्रोत रोज ऐकतो, त्यामुळे त्यांचं विचारणं रास्तच आहे.

डब्यातली वस्तू घेता येते का?

येते. घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. गोट्या, बिल्ले, किचेन, जुनं नाणं चालतं. संत्रा बर्फी, चॉकलेट, अत्तर, काडेपेटी अजिबात नाही. मुंग्या आणि खारी डबा पोखरतात, वास आला की माकडं. क्रमांक कोरलेला बिल्ला दिसला तर तो बहुधा ट्रॅव्हल बग असतो. तो एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करत असतो, त्याची नोंद संकेतस्थळावर होते. पुढच्या डब्यात नेणार असाल तरच उचला. पेन नेहमी स्वतःचा न्या, आणि त्याहून बरी पेन्सिल, कारण ओलसर कागदावर ती चालते.

सापडला नाही तर?

डीएनएफ नोंदवा, म्हणजे "सापडला नाही". त्यात कमीपणा नाही. उलट मालकाला त्यावरूनच कळतं की जाऊन बघायला हवं. जी मंडळी लाजेने ही नोंद टाळतात, ती पुढच्या माणसाची फेरी वाया घालवतात. मात्र डबा हरवला असं ठरवून तिथे आपला नवा डबा ठेवून येऊ नका. मूळ डबा दोन फुटांवर असू शकतो.

उन्हाळ्यात जमतं का?

मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत सकाळी नऊच्या आत घरी या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि फोनही तापून बंद पडतो, म्हणजे वाट दाखवणाराच गेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. त्यातही जानेवारीत संक्रांतीच्या आसपास दुचाकीवर जाताना गळ्याला जाड दुपट्टा घ्या. नायलॉन मांज्यावर बंदी असूनही तो रस्त्यावर लटकलेला असतोच.

साप, विंचू, माकडं?

दगडाच्या फटीत, बिळात, ढोलीत आधी टॉर्च, मग काठी, मग हात. नाग, मण्यार, घोणस आपल्याकडे आहेत आणि पावसाळ्यात ते कोरडी जागा शोधतात, म्हणजे नेमकी डबा लपवायची जागा. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. हालचाल कमी ठेवा आणि थेट मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा. जुन्या वड-पिंपळावर आणि पुलाखाली आग्या मोहोळ आहे का ते आधी मान वर करून बघा. रामटेकच्या गडावर माकडांसमोर डबा उघडू नका, तो परत मिळणार नाही.

गोरेवाड्याच्या जंगलात बिबटे आहेत. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात तर गाडीतून उतरण्याचाच प्रश्न नाही. नकाशावर डबा जंगलाच्या आत दिसला तरी वनखात्याची परवानगी नसलेल्या वाटेने जायचं नाही, संध्याकाळी तर नाहीच.

मला डबा लपवायचा आहे. काय लागतं?

आधी थोडे शोधा. चांगला आणि वाईट डबा यातला फरक हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

डबा चारही बाजूंनी क्लिप लागणारा, झाकणाला रबर असलेला घ्या. इतवारीत स्वस्त मिळतो, पण स्वस्तात स्वस्त घेऊ नका. जुलैच्या दोन पावसांत पातळ प्लास्टिकचा लगदा होतो. लॉगची वही झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. बाहेरून ठळक अक्षरांत हा जिओकॅशिंगचा खेळ आहे, धोकादायक काही नाही, असं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहा. डबा पारदर्शक असला तर आणखी बरं, आत काय आहे ते न उघडता दिसतं.

नियम थोडक्यात: दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर. जमिनीत पुरायचं नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही. जागेच्या मालकाची परवानगी, मग उद्यान मनपाचं असो, नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्र) असो की सोसायटीचं. अंक एकदाच घेऊन मोकळे होऊ नका. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन घ्या आणि सरासरी काढा. मग पान भरून पाठवलं की एक स्वयंसेवक तपासतो आणि प्रसिद्ध करतो.

आणि खरी अट पुढे येते. डबा तुमचा, म्हणजे देखभालही तुमची. कागद भिजला, झाकण तुटलं, डबा गायब झाला की जायचं तुम्हालाच. म्हणून डबा रोजच्या वाटेवर ठेवा: ऑफिसच्या, शिकवणीच्या, सकाळच्या फिरण्याच्या. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याने फुटाळ्याला डबा लपवायचा आणि परत जायचं, हे चालत नाही. तपासणाराही असा डबा सहसा नाकारतो. आपल्याकडे नकाशा विरळ असल्याने एक सांभाळलेला डबा पाच उत्साही डब्यांपेक्षा मोलाचा आहे. माझं मत विचाराल तर शहरात नवीन दहा डबे येण्यापेक्षा आहेत तेवढे कोरडे राहिलेले मला आवडतील.

कुठे लपवू नये?

नागपूरपुरती यादी लांब आहे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजकेच दिवस लोकांना उघडतो. वायुसेनानगर, अंबाझरीचा आयुध कारखाना, कामठीची छावणी, विमानतळ, मेट्रो आणि रेल्वे स्टेशनं, पूल, शाळा: या सगळ्यांच्या भिंतीलाही नको. विधानभवनाच्या परिसरात हिवाळी अधिवेशनात बंदोबस्त असतो, तिथे तर डब्याचा विचारही करू नका. दीक्षाभूमी आणि इतर श्रद्धास्थानं सोडून द्या, तिथे माणसं वेगळ्या कारणासाठी येतात.

काटोल रोडकडचं जुनापाणी विसरू नका. तिथली महापाषाणयुगीन शिलावर्तुळं संरक्षित आहेत. शोधणाऱ्याच्या दृष्टीने तिथला प्रत्येक दगड उचलून बघण्यासारखा असतो, आणि म्हणूनच तिथे डबा नको.

मग अशा जागा खेळात आणायच्याच नाहीत?

आणता येतात, डबा न ठेवता. मल्टी किंवा मिस्ट्रीत पहिला टप्पा फक्त वाचण्याचा ठेवा. समजा झिरो माइलच्या फलकावरचा एखादा अंक, स्तंभावरची एखादी मोजदाद, त्यातून बेरीज-वजाबाकी करून पुढचे अंक निघतात, आणि डबा असतो दुसरीकडे, परवानगी घेतलेल्या शांत जागी. आपल्या शहराला हा प्रकार सगळ्यात जास्त मानवतो. माणूस जागा नीट बघतो, आणि सुरक्षा रक्षकाला घाम फुटत नाही.

मुलांना नेऊ का?

नक्की. खातं पालकांचं, टी दीडच्या आत, डब्यात बदलायला खिशात दोन-चार लहान वस्तू. सातवी-आठवीच्या मुलांकडून अंश-मिनिटांचं गणित करून घ्या, भूगोलाच्या तासाला न कळलेलं इथे कळतं.

एकट्याने जावं का?

शहरातल्या उद्यानात, दिवसा, खुशाल. तलावाच्या मागची बाजू, खाणी, टेकड्या इथे सोबत घ्या आणि घरी जागा सांगून निघा. खाणीतल्या पाण्याच्या काठाला टी दीड लिहिलं असलं तरी विश्वास ठेवू नका, पावसानंतर कड खचलेली असते. अडचणीत ११२.

लॉग मराठीत लिहिला तर चालतो?

चालतो. टोपणनाव मात्र सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर मालकाला कागदावरची सही आणि ऑनलाइन नोंद जुळवता येत नाही. ऑनलाइन नोंदीत दोन-चार वाक्यं लिहा: वाट कशी होती, डबा कोरडा होता का, वहीत पानं उरली आहेत का. उत्तर पानावर फोडू नका. बाहेरगावचा पाहुणा येण्याची शक्यता असते, तेव्हा खाली एक ओळ इंग्रजीत टाकली तर त्याचं काम होतं.